कर्ज लिहून ठेवा

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत नमाज, रोजा किंवा हज यांविषयी नाही. ती उधारीविषयी आहे. सूरह बकराची 282वी आयत. मुदतीचे कर्ज घ्याल-द्याल तेव्हा ते लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इमानदारीने लिहावे, मजकूर कर्जदाराने सांगावा, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. तिच्या आधीच्या आयतींत सूद हराम ठरवला आहे आणि कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत वाढवून द्यावी, असेही सांगितले आहे. जुम्याच्या बयानात सूदाची आयत वरचेवर ऐकू येते. लिहून ठेवण्याची आयत तेवढी ऐकू येत नाही.

हा लेख धर्मचर्चेचा नाही, साहित्याचा आहे. पण माझी जी तक्रार आहे ती मांडायला याहून चांगली सुरुवात मला सापडली नाही. घरापायी आपल्या समाजात जो कर्जाचा व्यवहार झाला आणि होत आहे, तो आपल्या लेखकांनी लिहून ठेवलेला नाही.

1990च्या सोलापूरच्या संमेलनापासून मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ मोजली तर तिला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात आपल्या कवितेत घर आले नाही असे मुळीच नाही. उलट घर नाकारले गेल्याची कविता हा आपल्याकडचा एक स्थिर प्रकारच झाला आहे. खोली बघायला गेलेला माणूस, आधी गोड बोलणारा मालक, मग नावाची विचारणा, नाव ऐकल्यावर पडलेला चेहरा आणि लागलेले दार. 1992-93च्या दंगलीनंतर ही कविता लिहिली जाणे अटळ होते. ती खोटी नव्हती, आजही नाही. 2005 साली झोरॉस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विशिष्ट समाजापुरतेच सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध मानला. त्यामुळे दार लावणाऱ्याच्या हाती कायद्याचाही एक आधार आला. अपमान खराच आहे.

पण ही कविता दारापाशी संपते. आणि खरा हिशोब तर दार लागल्यानंतर सुरू होतो. तो माणूस पुढे कुठे गेला? तिथे त्याला किती डिपॉझिट मागितले? ते त्याने कोणाकडून आणले? हे प्रश्न कवी विचारत नाही. संमेलनात कविता वाचली जाते, टाळ्या पडतात, बाहेरून आलेले पाहुणेही हळहळतात. त्या हळहळीला खर्च काही नाही. समीक्षक 'अस्मितेचा उद्गार' असे लिहून मोकळे होतात. नकार ही जशी भावनेची गोष्ट आहे तशीच ती पैशाची गोष्ट आहे, आणि ही दुसरी बाजू वगळली की कविता अर्धीच राहते.

हिशोब एकदा मांडूनच पाहू. मानू या, मुंब्र्यात कौशाकडे एक शिवणकाम करणारा कारागीर आहे. महिन्याची कमाई 25 हजार. मालक म्हणतो, हेवी डिपॉझिट दे पाच लाख, भाडे नको. भाडे नाही म्हटल्यावर घरात सगळे खूश. पाच लाख उभे होतात ते असे: बायकोचे दागिने गहाण ठेवून दीड लाख, लिलावाची भिशी तोटा सोसून लवकर उचलली तेव्हा एक लाख, मेहुण्याकडून एक लाख आणि उरलेले दीड लाख ओळखीच्या एकाकडून शेकडा तीन दराने. शेकडा तीन म्हणजे महिन्याला साडेचार हजार, वर्षाला 54 हजार. दागिन्यांवर शेकडा एक धरले तरी दीड हजार. म्हणजे ज्या घराला भाडे नाही त्या घरासाठी हा माणूस महिन्याला सहा हजार नुसते व्याज भरतो. भिशीचे हप्ते आणि मेहुण्याचे उपकार वेगळेच. दोन-तीन वर्षांनी मालक म्हणतो, भाव वाढले, अजून दोन लाख दे नाहीतर खोली खाली कर. मधल्या काळात पाच लाख पाचच लाख राहिले. ज्या खोलीचे स्वप्न पाहिले होते तिची किंमत मात्र पुढे निघून गेली.

यात गंमत अशी की, हेवी डिपॉझिटचा हा प्रकार आपल्यातल्या अनेकांना 'सूद नसलेला' वाटतो. डिपॉझिट हे एक प्रकारे कर्जच, आणि त्या कर्जाच्या बदल्यात फुकट राहायला मिळणे हा त्यावरचा लाभ, म्हणून अनेक मुफ्ती त्याला मान्यता देत नाहीत. मोहल्ल्यात मात्र तो बिनदिक्कत चालतो. देणारा मुसलमान, घेणारा मुसलमान, दलालही मुसलमान. नकाराच्या कवितेत खलनायक नेहमी पलीकडच्या सोसायटीत राहतो. अलीकडचा मालक, जो आपल्याच सफमध्ये नमाज पढतो, तो आपल्या कथेत का येत नाही, हे मला कळत नाही. कळते, पण ते बोलायला अवघड आहे.

आता बँकेकडे जाऊ. 20 लाखांचे गृहकर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 18 हजार बसतो आणि 20 वर्षांत एकूण 43 लाखांच्या पुढे रक्कम भरावी लागते. हे काही स्वस्त नाही. शिवाय बँक पूर्ण किंमत देत नाही. किमतीचा उरलेला भाग, मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली हे सारे आधी स्वतः उभे करावे लागते. म्हणजे बँकेचे कर्ज मिळालेला माणूसही पुष्कळदा आतून आणखी एक कर्ज घेऊनच सुरुवात करतो. तरीही 9 टक्के आणि शेकडा तीन दराचे वर्षाला 36 टक्के यांत चौपटीचा फरक आहे. हा फरक म्हणजे नकाराची किंमत. 2006च्या नोव्हेंबरात आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या 'निगेटिव्ह' किंवा 'रेड झोन' ठरवल्याची नोंद आहे. आपल्याकडे सच्चर अहवालावर भाषणे उदंड झाली. नोकऱ्यांतली टक्केवारी सर्वांना पाठ आहे. रेड झोनची ओळ मात्र कोणत्याही कथेचे बीज झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

यातला सर्वांत महत्त्वाचा फरक दराचाही नाही. बँकेचे कर्ज घरावर असते. घर तारण असते, कागद असतो, हप्ता थकला तर नोटीस येते. ज्याला बँक दारात उभी करत नाही त्याचे कर्ज घरावर नसते, माणसावर असते. ते बायकोच्या बांगड्यांवर असते, मेहुण्याच्या शब्दावर असते, धाकट्या भावाच्या परदेशातल्या कमाईवर असते. ते फिटले नाही तर घर जात नाही, नाते जाते. बहिणीचे माहेरी येणे का थांबले, दोन भाऊ ईदला गळाभेट का घेत नाहीत, याचे उत्तर अनेक घरांत एखाद्या डिपॉझिटपाशी सापडेल. ही कथाकाराची जमीन आहे. आपण ती पडीक ठेवली.

मराठी साहित्याला कर्ज माहीत नाही असे कोण म्हणेल? 1875 साली सुप्याला आणि आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या दप्तरांवर हल्ले केले, कर्जखते जाळली. महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' 1883चा. तेव्हापासून सावकार, खत, जप्ती हे शब्द मराठी वाचकाच्या कानात बसले आहेत. तिकडे हिंदी-उर्दूत प्रेमचंदांचे 'गोदान' 1936 साली आले आणि होरीचे कर्ज सगळ्या देशाचे झाले. शेतावरच्या कर्जाला साहित्यात जागा मिळाली. शहरातल्या खोलीपायी झालेले कर्ज मात्र तेवढ्या प्रतिष्ठेला पोचले नाही.

याला एक ऐतिहासिक कारण दिसते. मराठीत चाळीचे साहित्य विपुल आहे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' 1958ची. त्या साऱ्या साहित्यात नळ आहे, संडास आहे, जिना आहे, शेजारधर्म आणि भांडणे आहेत. पण भाडे कोणाचा जीव घेत नाही. कारण 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940चे भाडे प्रमाण मानून ते जवळजवळ तिथेच थांबवले होते. खोलीत शिरलेला माणूस त्यामुळे सुखी होता. शिरण्याची किंमत वेगळी होती आणि तिचे नाव पगडी. पगडी हातोहात द्यायची, तिची पावती नाही, कायद्यात तिला स्थान नाही. 1999चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000पासून लागू झाला, तेव्हा कुठे असे पैसे घेणे कायदेशीर ठरले. म्हणजे अर्धशतक मुंबईतला घराचा सर्वांत मोठा खर्च कागदाबाहेर होता आणि त्यासाठी घेतलेली उधारीही कागदाबाहेर. डोंगरी, नागपाडा, मदनपुऱ्यातल्या माणसांनी पगडीसाठी गावाकडची जमीन मोडली की सूद भरला, हे कोणत्याच दप्तरात नाही. ज्याची पावती नव्हती त्याची कथाही झाली नाही.

पडद्यावर मात्र हा विषय आला, आणि आपल्या साहित्यापेक्षा नेमकेपणाने आला. भीमसेन यांचा 'घरौंदा' 1977चा, कथा शंकर शेष यांची. सुदीप आणि छाया हे दोन पगारदार नोकर लग्नाआधी फ्लॅटसाठी पैसे साठवतात, बिल्डर फसवतो, साठवलेले बुडते आणि मग सुदीप छायाला श्रीमंत, आजारी साहेबाशी लग्न करायला सुचवतो. घराच्या किमतीने प्रेमाचाही सौदा होतो, हे तो चित्रपट आडपडदा न ठेवता दाखवतो. सईद अख्तर मिर्झा यांच्या 'मोहन जोशी हाजिर हो!' (1984) मध्ये म्हातारे जोडपे घरमालकाविरुद्ध कोर्टात जाते आणि वकील त्यांना पोखरत राहतात. ही दोन्ही पात्रे भाड्याच्या खोलीच्या दारात नाव सांगून परत आलेली नाहीत. त्यांच्या आड फक्त पैसा आहे.

ज्यात नाव आणि पैसा हे दोन्ही एका गाठीत बांधलेले दिसतात तो चित्रपट म्हणजे एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा'. इस्मत चुगताईंच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी त्याची पटकथा लिहिली. तो 1974 साली प्रदर्शित झाला. आपल्याकडे या चित्रपटाबद्दल बोलताना फाळणी, वतन, जाणारे आणि राहणारे एवढेच बोलले जाते. मला तो नेहमी हिशोबाचा चित्रपट वाटत आला आहे. आग्र्याचे सलीम मिर्झा जोड्यांचे कारखानदार. हवेली थोरल्या भावाच्या नावावर. तो पाकिस्तानात जातो, हवेली निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा होते आणि एका सिंधी व्यापाऱ्याला मिळते. सलीम मिर्झा भाड्याचे घर शोधत हिंडतात आणि नकार घेत परततात. इथपर्यंत आपली कविताही येते. पण चित्रपट पुढे जातो. कारखान्याला भांडवल हवे, तर बँक कर्ज देत नाही, बाजारातला सावकारही देत नाही. कारण आधीचे काही कर्जदार पैसे बुडवून सरहद्दीपार गेले. जे गेले त्यांची शिक्षा न गेलेल्यांना का, असा सलीम मिर्झांचा सवाल आहे. घर आणि पत हे दोन नकार एकाच माणसाला, एकाच कारणाने मिळतात आणि एक दुसऱ्याला जड करत नेतो. रेड झोनची कल्पना सच्चर समितीच्या तीन दशके आधी या चित्रपटाने आग्र्यात उभी केली. बलराज साहनींचा चेहरा त्यात रडवेला होत नाही. तो आकडे मोजणाऱ्या माणसाचा चेहरा आहे. ते मोठेपण आहे.

आपल्या कथेला हे का जमले नाही? मला वाटते, शरम हे एक कारण आहे. कर्ज आपल्यात झाकण्याची वस्तू आहे आणि सूदाचे कर्ज तर दुप्पट झाकण्याची. दीनदार माणूस गृहकर्ज घेतो तेव्हा ते मशिदीत कोणाला सांगत नाही. न घेणारा आयुष्यभर 11-11 महिन्यांच्या करारांवर बिऱ्हाडे बदलत राहतो आणि प्रत्येक बदलाला दलाली मोजतो. या दोघांपैकी बरोबर कोण? युरोपातल्या फतवा परिषदेने 1999 साली तिथल्या मुसलमानांना राहत्या पहिल्या घरासाठी नाइलाज म्हणून व्याजाचे कर्ज घेण्याची मुभा दिली. अनेक उलेमांनी ती मानली नाही. भारतात रघुराम राजन समितीने 2008 साली बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले आणि रिझर्व्ह बँकेने 2017 साली हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. आपल्या नियतकालिकांत इस्लामी बँकिंगवर उत्साही लेख पुष्कळ येतात. त्यांत नफ्यातली भागीदारी वगैरे सांगितलेले असते. पण नफा म्हणा वा सूद, महिन्याचा आकडा खिशाला तेवढाच बसणार असेल तर कारागिराला काय फरक पडतो, याचे उत्तर नसते. लेखांना सोडू. कथेला उत्तर द्यावेच लागत नाही. ईमान आणि छप्पर यांत अडकलेला माणूस तिने फक्त दाखवायचा आहे. याहून मोठा पेच आज आपल्या मध्यमवर्गात मला तरी दिसत नाही, आणि आपले कथाकार अजूनही आंतरधर्मीय प्रेमाच्या गोष्टीतून बाहेर यायला तयार नाहीत.

बायकांची बाजू तर आणखीच कोरी आहे. खोली जिच्या दागिन्यांवर उभी राहिली तिचे नाव बहुतेकदा कागदावर नसते. आणि न दिलेली मेहर हेही शरीयतच्या दृष्टीने नवऱ्यावरचे कर्जच. म्हणजे एकाच घरात बायको दोनदा सावकार असते आणि दोन्ही वेळा तिला कोणी मोजत नाही. तलाकवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, लिहायलाच हवे होते. पण गहाण पडलेल्या बांगड्यांचे काय झाले हे विचारणारी लेखिका मला हवी आहे.

मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली. 74 माणसे मेली. त्या घटनेवर कविता झाल्या. ढिगारा, बाहुली, रक्त. बेकायदा इमारतींचे अर्थशास्त्र त्यांत नव्हते. मंजूर नकाशा नाही म्हणून खोली स्वस्त. नकाशा नाही म्हणूनच बँकेचे कर्ज नाही. म्हणून सारी रक्कम रोख, आणि ती रोख माणसावरच्या कर्जातून. अशी इमारत पालिकेने पाडली किंवा ती स्वतः पडली तर खोली जाते, उधारी राहते. नुकसानभरपाई मागायला कागद नसतो. हे सगळे त्या वस्तीत राहणाऱ्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. कवीला ठाऊक नसेल असे मी मानत नाही. त्याला ते काव्यात्म वाटले नसावे.

इथे ग़ालिबची आठवण काढायला हरकत नाही. हालींनी लिहिले आहे की, ग़ालिबने आयुष्यात स्वतःचे घर घेतले नाही, सदा भाड्याच्या घरात राहिला. पुस्तकेही विकत घेत नसे, मागून आणून वाचत असे. त्याची पत्रे उघडली की पेन्शन, उधारी, गळके छप्पर यांचा हिशोब भेटतो. मरतानाही तो कर्जात होता. त्याच्या गझलांइतकीच ती पत्रे आज वाचली जातात, कारण त्यांत माणूस आपली तंगी न लाजता सांगतो. आपण ग़ालिबकडून शेर घेतले. पत्रे घ्यायला हवी होती.

सध्या या विषयावरचे सर्वांत प्रामाणिक मराठी गद्य वर्तमानपत्राच्या मागच्या पानावर छापून येते, बँकांच्या ताबा नोटिसांत. 2002च्या कायद्यानुसार बँकेला कोर्टात न जाता तारण घराचा ताबा घेता येतो. त्या नोटिशीत कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, थकीत रक्कम, खोलीचे चौरस फूट, चारही बाजूंच्या सीमा, सारे असते. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस दुसऱ्याची खोली. एकही विशेषण नाही. ज्यांना बँकेने कर्जच दिले नाही त्यांच्या वाट्याला ही नोटीससुद्धा येत नाही. त्यांचा उल्लेख होतो तो एकदाच, जनाजाच्या वेळी. नमाजेआधी मुलगा किंवा भाऊ पुढे होऊन सांगतो, मय्यतीवर कोणाचे देणे असेल तर वारसांना भेटावे. एका कर्जदाराच्या जनाजाची नमाज पढवायला पैगंबरसाहेब थांबले होते आणि अबू कतादा यांनी ते देणे स्वतःवर घेतल्यावरच त्यांनी ती पढवली, ही हदीस सर्वांना माहीत असते. म्हणून मुलगा जाहीर करतो आणि लोक मान खाली घालून उभे राहतात. दफन झाल्यावर जे दोन-तीन जण मागे रेंगाळतात, त्यांच्याशी त्या मुलाचे काय बोलणे होते, ते कोणीतरी लिहायचे आहे.

'गर्म हवा'च्या शेवटी सलीम मिर्झा पाकिस्तानकडे निघालेला टांगा वाटेत थांबवतात. मुलगा मोर्चात शिरलेला असतो, तेही शिरतात आणि पत्नीला टांग्यातून घरी परत पाठवतात. आपल्या समीक्षकांचे लक्ष नेहमी त्या मोर्चाकडे जाते. टांगा ज्या घराकडे वळतो ते हवेलीचे घर नाही, भाड्याचे आहे, आणि त्याचे पुढच्या महिन्याचे भाडे कुठून येणार हे चित्रपट सांगत नाही.